गोळीच्या आकाराचे विमान
(लढाऊ व प्रायोगिक विमानांचे नाते : वरच्या प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी पूरक वाचन)

विमानाचा आवाज आला की मुलांचे लक्ष फळ्यावरून उडते व निम्मा वर्ग पडवीत जाऊन उभा राहतो, हा खेड्यातील प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. अशा वेळी मुलांना दटावून परत बसविण्यापेक्षा पाठच त्या विषयाकडे वळविणे अधिक फलदायी ठरते. 'दळणवळणाची साधने' शिकविताना मी पुष्कळ वर्षे फळ्यावर विमानांचे चार प्रकार लिहून देत असे : प्रवासी, मालवाहू, लढाऊ व प्रायोगिक. मुले ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत बिनचूक लिहीत. एके वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, प्रायोगिक विमान कुणासाठी उडते? त्यात उतारू बसत नाहीत, मालही जात नाही आणि ते लढतही नाही." मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचन केल्यावर ध्यानात आले, की ते चार कप्पे पाडण्यातच माझी चूक झाली होती. लढाऊ विमान व प्रायोगिक विमान ह्यांचे नाते इतके निकटचे आहे, की कोणते कोणाच्या पोटी जन्मले हे कित्येकदा सांगता येऊ नये. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम ध्वनीच्या वेगाची कल्पना मुलांना दिली पाहिजे. नदीच्या पैलतीरावर धुणे आपटणारी बाई मुलांनी पाहिलेली असते. धुणे दगडावर पडताना दिसते आणि 'धप्' असा आवाज मागाहून येतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १७० मीटरांवरच्या आवाजास आपल्यापर्यंत येण्यास अर्धा सेकंद लागतो. तासाचा हिशोब मुलांकडूनच करवून घ्यावा. उत्तर १,२०० किलोमीटरांच्या थोडे वर येईल. थंड हवेत हा वेग कमी होतो. आकाशात अकरा-बारा किलोमीटर उंचीवर, जेथे हवा अतिशय थंड असते तेथे, तो तासाला सुमारे १,०६० किलोमीटर एवढाच राहतो.

आता बैलगाडीचा दृष्टान्त घ्यावा. समोरून येणाऱ्या गाडीच्या घुंगरांचा आवाज गाडीच्या पुढे धावतो आणि वाटेवरची माणसे वेळेवर बाजूस होतात. विमान हवेला जो रेटा देते त्याची वर्दी अशीच ध्वनीच्या वेगाने पुढे जाते व पुढची हवा वाट करून देते. परंतु गाडीच घुंगरांच्या आवाजाइतक्या वेगाने आली तर? मग वर्दी आणि गाडी बरोबरच येणार. बाजूस होण्यास अवधी तो कसला! हवा दाटते व त्या दाटलेल्या हवेचा पडदा विमानाशी निर्माण होतो. ह्यास आघात-तरंग म्हणतात.

हा तरंग मनुष्याने प्रथम पाहिला तो विमानाशी नव्हे, बंदुकीच्या गोळीशी. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख व त्याचा सहकारी पीटर साल्खर ह्यांनी उडत्या गोळीची छायाचित्रे १८८७ साली प्रसिद्ध केली. त्यांत गोळीच्या टोकाशी आघात-तरंगाची रेषा स्पष्ट उमटली आहे. छायाचित्रे साल्खरने काढली आणि तीही फ्यूम येथील नौदलाच्या विद्यालयात! विमानाचा जन्म व्हावयास तेव्हा अजून सोळा वर्षे अवकाश होता. ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजलेल्या वेगास आज जो 'माख अंक' म्हणतात तो ह्याच माखच्या नावावरून. माख १ म्हणजे ध्वनीइतका वेग, माख २ म्हणजे त्याच्या दुप्पट.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने इतकी वेगवान झाली, की उंचावरून सूर मारताना ती ध्वनीच्या वेगाजवळ पोचू लागली. अशा वेळी विमान थरथरे, सुकाणूचा दांडा जागच्या जागी घट्ट होई आणि काही वैमानिक त्या सुरातून वर आलेच नाहीत. ध्वनीच्या वेगापाशी न ओलांडता येणारी भिंतच आहे, असे लोक बोलू लागले. वाऱ्याच्या बोगद्यात लहान प्रतिकृती ठेवून तपासावे, तर त्या काळच्या बोगद्यांत नेमक्या ह्याच वेगाला मापे विश्वासार्ह मिळत नसत. तेव्हा प्रत्यक्ष आकाशात जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

इंग्लंडात डी हॅव्हिलंड कंपनीने ह्यासाठी सोपा मार्ग धरला. तिचे 'व्हँपायर' नावाचे लढाऊ जेट विमान तयार होते. त्याचेच धड घेऊन त्यास मागे झुकलेले नवे पंख लावले आणि शेपटीचा आडवा भाग काढून टाकला. हेच डीएच-१०८ हे प्रायोगिक विमान. मौज अशी, की ह्या लढाऊ धडाच्या विमानाकडून जी माहिती हवी होती ती 'कॉमेट' ह्या प्रवासी विमानासाठी. २७ सप्टेंबर १९४६ रोजी कंपनीच्या संस्थापकाचा पुत्र जेफ्री डी हॅव्हिलंड ते घेऊन वर गेला आणि टेम्स नदीच्या मुखावर विमानाचे तुकडे होऊन मरण पावला. त्याचा धाकटा भाऊ जॉन १९४३ साली विमानांच्या टकरीत आधीच गेला होता. डीएच-१०८ जातीची तीन विमाने बांधली होती. तिन्ही पडली व तिन्ही वेळा वैमानिक दगावला. त्यांपैकी तिसऱ्याने १९४८ च्या सप्टेंबरात सूर मारताना ध्वनीचा वेग ओलांडला होता, हेही सांगितले पाहिजे. 'कॉमेट' १९४९ साली उडाले व जगातील पहिले जेट प्रवासी विमान ठरले. त्याला मात्र अखेर शेपूट ठेवण्यात आली. ज्यांना व्हँपायर हे नाव परके वाटेल त्यांच्यासाठी सांगतो, की भारतीय वायुदलात १९४८ साली आलेले पहिले जेट विमान हेच होते आणि पुढे ते बंगलोर येथेही तयार होत असे.

अमेरिकेत बेल कंपनीने निराळा विचार केला. ध्वनीपेक्षा वेगाने जाऊनही सरळ राहणारी कोणती वस्तू माणसाला आधीच ठाऊक आहे? उत्तर होते मशीनगनची अर्धा इंच व्यासाची गोळी. म्हणून एक्स-१ ह्या विमानाचे धड त्या गोळीच्या आकाराचे केले. माखच्या छायाचित्रातली गोळी अशी साठ वर्षांनी विमान झाली, तिच्यात माणूस बसला. खर्च अमेरिकेच्या सैन्याच्या हवाई दलाचा व शास्त्रीय मार्गदर्शन तेथील विमानविद्येच्या सरकारी समितीचे होते. इंजिन रॉकेटचे. त्यात मद्यार्क आणि द्रवरूप प्राणवायू जळत. पूर्ण जोराने चालविल्यास अडीच मिनिटांत सारे इंधन संपे. एवढ्याशा शिदोरीवर जमिनीवरून उठून उंच जावयाचे तर प्रयोगाला काही उरणार नाही. म्हणून त्यास दुसऱ्या विमानाने उचलून वर न्यावयाचे ठरले.

ते दुसरे विमान म्हणजे बी-२९ हे अवजड बॉंबफेकी विमान. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉंब टाकला तो ह्याच जातीच्या विमानाने. आता त्याच्या बॉंबच्या कोठीत एक्स-१ अडकविले जाई. ते चढविण्याची रीत मुलांना चित्र काढून दाखवावी : जमिनीत खड्डा खणून एक्स-१ त्यात उतरवीत, वरून बी-२९ ढकलीत आणीत आणि मग खालचे विमान उचलून वरच्याच्या पोटाशी बांधीत. बॉंबसाठी केलेल्या जागेतून, बॉंब सुटावा तसे, सुमारे ६,००० मीटर उंचीवर ते सोडून देत. ह्या घटनेत जी विचित्र सांगड आहे ती मुलांपासून लपवू नये आणि तिचे कौतुकही करू नये. मुले तिचा विचार आपणहून करतात, असा माझा अनुभव आहे.

वैमानिक होता चोवीस वर्षांचा चार्ल्स यीगर, महायुद्धातील लढाऊ वैमानिक. उड्डाणाच्या दोन दिवस आधी तो रात्री घोड्यावरून पडला आणि त्याच्या उजव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या. हे वरिष्ठांना कळले असते तर त्याच्या जागी दुसऱ्याची योजना झाली असती. त्याने ते फक्त जॅक रिडली ह्या अभियंता मित्रास सांगितले. अडचण एकच होती : विमानाचे दार आतून बंद करावयाचा दांडा जोराने दाबावा लागे आणि उजवा हात वर होत नव्हता. रिडलीने झाडूच्या दांड्याचा हातभर नव्हे, वीतभर तुकडा कापून दिला. त्याची तरफ करून यीगरने डाव्या हाताने दार लावले. तरफेचा पाठ शिकविताना ह्यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी कॅलिफोर्नियातील म्युरॉक येथील कोरड्या सरोवरावर, सुमारे १३,००० मीटर उंचीवर, ह्या विमानाने माख १.०६, म्हणजे ताशी सुमारे १,१२५ किलोमीटर, वेग गाठला. भिंत वगैरे काही नव्हती. यीगरला ते सारे अगदी सुरळीत वाटले.

वर्तमानपत्रांत व पाठ्यपुस्तकांत ही कथा येथे संपते. शिक्षकांनी मात्र चार दिवस मागे जावे, कारण खरा शोध तेथे आहे. १० ऑक्टोबरच्या उड्डाणात माख ०.९४ च्या सुमारास यीगरने दांडा मागे ओढला आणि विमान जराही हलले नाही. विमानाच्या शेपटीच्या आडव्या पंखाला पूर्वी मागच्या कडेस बिजागरीने जोडलेली एक झडप असे. ती वरखाली केली की विमानाचे नाक वरखाली होई. ध्वनीच्या वेगाजवळ आघात-तरंग नेमका त्या झडपेच्या पुढे येऊन बसे, मग झडप कितीही हलविली तरी तिचा परिणाम तरंगाच्या पुढच्या हवेपर्यंत पोचत नसे. रिडलीने सुचविले, की झडप राहू द्यावी, संपूर्ण आडवा पंखच थोडा थोडा कलता करावा. एक्स-१ मध्ये तशी सोय आराखड्यातच ठेवलेली होती. ती वापरताच विमान पुन्हा ऐकू लागले.

हे वर्गात दाखविण्यास सूप पुरेसे आहे. वारा असेल अशा दिवशी एका मुलाने सूप दोन्ही हातांनी आडवे धरावे. सुपाच्या कडेला चिकटविलेली कागदाची पट्टी वाकविली तर हाताला फारसे काही जाणवत नाही. सबंध सूप किंचित कलते केले, की ते हातातून वर उसळू पाहते. अर्थात हे साधर्म्य केवळ ढोबळ आहे, सुपावर आघात-तरंग येत नाही. तेवढे मुलांना स्पष्ट सांगावे.

उड्डाण गुप्त ठेवले गेले. डिसेंबरात एका नियतकालिकाने बातमी फोडली, तरी सरकारने ती मान्य केली १९४८ च्या जूनमध्ये. गुप्ततेचे कारण विक्रम नव्हता, शेपूट होती. सबंध हलणारी शेपूट पुढे 'सेबर' ह्या अमेरिकी लढाऊ विमानाच्या नव्या आवृत्तीस बसविण्यात आली व कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) मिग-१५ विमानांशी झुंजताना तिचा मोठा उपयोग झाला. मिग-१५ ला जुन्या पद्धतीची झडपच होती. सेबरचे मागे झुकलेले पंख तर पराभूत जर्मनीच्या युद्धकालीन संशोधनातून आले होते. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबच्या आकाशात पाकिस्तानची सेबर व भारताची नॅट विमाने एकमेकांवर धावून गेली तेव्हा दोन्हींची शेपूट ह्याच सबंध हलणाऱ्या जातीची होती. कोरड्या सरोवरावर मिळालेले ज्ञान अठरा वर्षांनी लाहोर-अमृतसरच्या आसमंतात दोन्ही बाजूंनी वापरले गेले. ज्ञान कोणाच्या बाजूचे असते, असे मुलांनी विचारले तर त्यांना ह्या दोन शेपट्यांविषयी सांगावे.

बॉंबफेकी विमानाने प्रायोगिक विमानास वर न्यावयाचे, ही प्रथा पुढेही चालू राहिली. बी-२९ च्या सुधारलेल्या बी-५० ने एक्स-२ वर नेले. त्याचा वैमानिक मिलबर्न ॲप्ट हा माख ३ ओलांडणारा पहिला मनुष्य, परंतु त्याच उड्डाणात विमानाचा ताबा सुटून तो मरण पावला. दिवस होता २७ सप्टेंबर १९५६. डी हॅव्हिलंडच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती. त्यानंतर अण्वस्त्रे वाहण्यासाठी बांधलेले बी-५२ आले. एक्स-१५ त्याच्या उजव्या पंखाखाली टांगीत आणि त्याची उभी शेपूट अडू नये म्हणून बी-५२ च्या पंखाच्या मागच्या कडेस चक्क खाच पाडलेली होती. एक्स-१५ ची १९५९ ते १९६८ ह्या काळात १९९ उड्डाणे झाली. त्यांपैकी सात नील आर्मस्ट्राँग ह्याने केली, जो पूर्वी कोरियात नौदलाचा लढाऊ वैमानिक होता आणि १९६९ साली चंद्रावर उतरला. १९६७ साली ह्या विमानाने माख ६.७ वेग गाठला. ते विमान निवृत्त झाले, परंतु त्यास नेणाऱ्यांपैकी एक बी-५२ तेथेच राबत राहिले आणि २००४ च्या नोव्हेंबरात त्याने एक्स-४३ए हे वैमानिकविरहित यान वर नेले. त्या यानाने माख ९.६ च्या सुमारास वेग गाठला. पुढच्याच महिन्यात ते बी-५२ निवृत्त झाले. आपल्याकडील जुना बैल शेवटच्या सुगीपर्यंत मोटेला जुंपलेला असावा, तसेच काहीसे हे.

आता आपल्या देशाकडे येऊ. कारण हे नाते अमेरिका-इंग्लंडापुरते नाही. स्वतंत्र भारताने स्वतःचे वेगवान लढाऊ विमान बांधावयाचे ठरविले तेव्हा १९५६ मध्ये कुर्ट टँक हे जर्मन अभियंते बंगलोर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आले. महायुद्धात जर्मनीचे 'फॉके-वुल्फ १९०' हे लढाऊ विमान त्यांनीच रचले होते. येथे त्यांच्या हाताखाली भारतीय अभियंत्यांनी प्रथम विमान बांधले नाही, तर नियोजित विमानाच्या पूर्ण आकाराचे एक लाकडी ग्लायडर बांधले. त्यास इंजिन नव्हते. १९५९ साली ते दोरीने डाकोटा विमानाच्या मागे बांधून वर नेले व सोडले, आणि नव्या पंखांची वागणूक कशी आहे हे पाहिले. डाकोटा हे महायुद्धातले सैनिकी मालवाहू विमान. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी, म्हणजे यीगरच्या उड्डाणानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, भारतीय सैनिकांस श्रीनगरला उतरविणारे विमानही डाकोटाच होते. अमेरिकेने बॉंबफेक्याच्या पोटातून प्रयोग केला, आपण मालवाहू विमानाच्या मागे दोरी बांधून केला. मुलांना पतंगाची दोरी ठाऊक असते. त्यांना हे चटकन कळते.

ह्या लाकडी ग्लायडरचे धातूचे भावंड म्हणजे एचएफ-२४ 'मरुत'. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास ह्यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. विमानाची घडण उत्तम होती, इंजिने मात्र अशक्त. नॅटमध्ये असे तेच इंग्लंडचे 'ऑर्फियस' इंजिन मरुतला दोन बसविले होते. आराखडा माख २ चा आणि इंजिनांचा जोर त्यास न पुरणारा, असा हा विजोड संसार होता. जोरकस इंजिनाचा शोध सुरू झाला.

त्या सुमारास इजिप्तही असेच एक विमान बांधीत होता. एचए-३०० ह्या त्या विमानाचा आराखडा विली मेसरश्मिट ह्यांचा, म्हणजे युद्धकाळी टँक ह्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या दुसऱ्या जर्मन अभियंत्याचा. कैरोजवळ हेलवान येथे फर्डिनांड ब्रांडनर हे ऑस्ट्रियन अभियंते त्यासाठी ई-३०० हे नवे इंजिन तयार करीत होते. इजिप्तला विमान होते, इंजिन अपुरे होते, चाचणी वैमानिक हवा होता. भारताकडे वैमानिक होते, विमान होते, इंजिन हवे होते. दोन शेजारणींनी एकीने चूल आणि दुसरीने सरपण आणावे तसा व्यवहार झाला. ७ मार्च १९६४ रोजी एचए-३०० प्रथम उडाले ते भारतीय वायुदलाचे कपिल भार्गव ह्यांच्या हातून. नवे ई-३०० इंजिन तयार झाले तेव्हा त्याची हवेत चाचणी घेण्यास एक मरुत इजिप्तला नेण्यात आले व त्यातील एक ऑर्फियस काढून तेथे ई-३०० बसविले. दुसरे ऑर्फियस तसेच ठेवले, कारण नव्याने दगा दिला तर परत येण्यास जुने हवे. १९६७ साली ते उडाले. अशा रीतीने आपले लढाऊ विमान दुसऱ्या देशात जाऊन प्रायोगिक विमान झाले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये इजिप्तचे इस्राएलशी युद्ध झाले आणि १९६९ साली इजिप्तने हे सारे काम थांबविले. मरुतला हवे ते इंजिन कधीच मिळाले नाही. जुन्याच इंजिनाचा जोर वाढवून पाहण्याचे प्रयत्न बंगलोरला चालू होते. त्यातच १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास मरुतच्या एका चाचणी उड्डाणात मृत्युमुखी पडले. बंगलोरच्या एका रस्त्यास त्यांचे नाव आहे. अपुऱ्या जोराच्या इंजिनांनिशीच मरुत विमाने १९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या सीमेवर लढली व त्यांनी कामगिरी चोख बजावली.

जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइम येथे जुन्या विमानतळावर एक विमान-संग्रहालय आहे. टँक आणि मेसरश्मिट ह्या दोन्ही अभियंत्यांची ही दोन अपत्ये, भारताचे एक मरुत व इजिप्तचे एक एचए-३००, आता त्या एकाच संग्रहालयात ठेवलेली आहेत.